‘लाइफटाइम’ तेल आणि ऑटोमॅटिक गिअरचा झटका: पार्श्वभूमी

लिव्हर ‘पी’वरून ‘डी’वर आणला की क्षणभर गाडी ढिम्म, आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का. किंवा दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मान हलते. लाखभर किलोमीटर चाललेली सेकंडहँड ऑटोमॅटिक घेणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. तिचा माग काढत गेलं की बऱ्याचदा १९९०च्या दशकात रूढ झालेल्या एका निर्णयापाशी पोचतो: गिअरबॉक्सचं तेल बदलायचंच नाही, ते गाडीच्या आयुष्यभर पुरेल.

त्याआधी असं नव्हतं. १९४०च्या मॉडेलपासून अमेरिकेत संपूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या संख्येने विकले जाऊ लागले. पुढची काही दशकं गिअर कधी पडायचा हे तेलाचा दाब ठरवायचा, आणि झटका बसला की मेकॅनिक पाना घेऊन बँड (गिअरचे फिरते ड्रम आवळून धरणारे पट्टे) आणि केबल जुळवायचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या तेलात स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. व्हेलला संरक्षण मिळालं, पर्यायी रसायनं आली आणि गिअरबॉक्स बिघडण्याच्या तक्रारी वाढल्या. म्हणजे हे तेल नुसतं वंगण नाही. क्लच प्लेट किती घट्ट आणि किती हळुवार पकडेल, हे त्यातल्या रसायनांवर ठरतं.

पुढे सूत्रं कॉम्प्युटरकडे गेली. १९८९च्या मॉडेलमध्ये आलेला एक अमेरिकन चार-स्पीड गिअरबॉक्स प्रत्येक क्लच भरायला किती वेळ लागतो ते मोजून स्वतःला जुळवून घ्यायचा. त्याला स्वतःचं वेगळं तेल लागे, पण ते न मिळाल्यास बाजारातलं नेहमीचं चालेल, अशी सूट कंपनीनेच दिली होती. नेहमीचं तेल पडलेल्या गाड्या थरथरू लागल्या.

आता ‘लाइफटाइम’ या शब्दाकडे. यात फसवणूकच होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. सिंथेटिक तेलं खरोखर जास्त टिकत होती. डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, असली की मालक किंवा कोपऱ्यावरचा गॅरेजवाला भलतंच तेल ओतायचा, नाहीतर जास्त भरून फेस करायचा. म्हणून अनेक कंपन्यांनी डिपस्टिकच काढून टाकली. पण पहिल्या काही वर्षांची सर्व्हिस गाडीच्या किमतीतच देण्याची पद्धत याच काळात वाढली, आणि सर्व्हिसच्या यादीतली एक महागडी ओळ कमी होणं कंपनीला गैरसोयीचं नव्हतं, हेही खरं. शिवाय कुणाचं आयुष्य? वॉरंटीचं, पहिल्या मालकाचं की गाडीचं? पुस्तिकेत याचा खुलासा सहसा नसतो. मौज अशी, की यातल्या कित्येक गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मन कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदला म्हणते. त्याच गिअरबॉक्सवर गाडीची कंपनी मात्र ‘लाइफटाइम’चं लेबल लावते. काही पुस्तिकांत बारीक अक्षरांत आणखी एक अट असते: कडक ऊन, ओझं, सततची थांबत-चालत वाहतूक असेल तर तेल लवकर बदला. मे महिन्यातलं पुणे किंवा मुंबई यात बसत नसेल, तर काय बसतं?

नुकसान लवकर दिसत नाही, याचं कारण पुन्हा तो शिकणारा कॉम्प्युटरच. तेल थकतं, प्लेट झिजतात, आणि तो दाब व वेळ थोडा थोडा बदलून ते झाकत राहतो. जुळवून घेण्याची मर्यादा संपली की झटका ‘अचानक’ सुरू झाल्यासारखा वाटतो.

या इतिहासामुळे आज तपासणीचा क्रमही बदललाय. आधी इंजिन आणि गिअरबॉक्स ज्यांवर बसवलेले असतात ती रबरी माउंटिंग, आणि इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीतला कार्बन. दोष इथे असला तरी बोट गिअरबॉक्सकडेच दाखवलं जातं. मग स्कॅनर लावून बिघाडाचे कोड आणि तेलाचं तापमान. डिपस्टिक नसलेल्या अनेक गिअरबॉक्समध्ये पातळी बघायची म्हणजे गाडी लिफ्टवर सपाट, इंजिन चालू, तेल साधारण ४० अंशांच्या आसपास, आणि बाजूचा प्लग उघडल्यावर बारीक धार. थंड तेलावर पातळी पाहिली तर हिशोब चुकतो. गिअरबॉक्सच्या तळाचा तेलाचा चेंबर उघडला की आतल्या मॅग्नेटवर करड्या रंगाची मऊ पेस्ट असते, ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे धातूचे कण लागले, तर तेल बदलून काही होणार नाही. ताशी ६०-७०च्या वेगाला रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर येत असेल तर संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाच्या) क्लचवर. ‘गाडी मिसिंग करतेय’ म्हणून याच लक्षणावर स्पार्क प्लग बदलले जातात.

‘तेल बदललं आणि गिअरबॉक्स मेला’ ही गोष्ट प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळते. तिथे बहुधा आधीच मरायला टेकलेल्या गिअरबॉक्सवर शेवटचा उपाय केलेला असतो. मशीनने दाबाखाली सगळं तेल एकदम बदलण्यापेक्षा (फ्लश) थोडं थोडं काढून-भरणं मला बरं वाटतं. एका खेपेला ४० टक्के तेल निघतं असं धरलं, तर तीन खेपांनंतर जुनं साधारण २२ टक्के उरतं. त्यानंतर स्कॅनरने जुनं ‘शिक्षण’ पुसायचं आणि सावकाश चालवून नवं होऊ द्यायचं.

२०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर स्वस्त एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आली आणि आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ शब्दाचा अर्थच पसरट झाला. एएमटीत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स असतो, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त ॲक्चुएटर करतो. गिअर बदलताना इंजिनची ताकद क्षणभर तुटते, म्हणून तिथली डुलकी हा जन्माचा गुण. ती वाढली तर झिजलेली क्लच प्लेट आणि क्लच नेमका कुठे पकडतो याचं सेटिंग बघायचं. तरीही एएमटीवाले ‘एटीएफ बदलून द्या’ म्हणत गॅरेजमध्ये येतात, आणि त्यांच्या गिअरबॉक्समध्ये ते ऑटोमॅटिकचं तेल मुळात नसतंच.