कावीळ झाली की आधी शौचाचा रंग बघा

मासे साफ करताना पित्त फुटलं की काय होतं ते आपल्याकडे पोरासोरांनाही माहितीय, तो हिरवा डाग जिथे लागला तेवढा तुकडा कडूजहर, कितीही धुवा. हेच पित्त माणसाच्या लिव्हरमध्ये महिनोन्महिने तुंबून राहिलं तर?

लिव्हर रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं आणि नळीतून आतड्यात सोडतं. पोफळीच्या बागेतला पाट डोळ्यासमोर आणा, खाली झावळी अडकली की पाणी मागे फुगत जातं. इथे अडकतो तो पित्ताशयातून घसरलेला खडा, कधी जुन्या ऑपरेशननंतर नळीच आकसते, कधी गाठ असते. पित्तातले क्षार साबणासारखे, जेवणातलं तेल फोडतात, पण कोंडले की लिव्हरच्याच पेशी मारतात, नळ्यांभोवती सूज येते, तिथे कडक तंतू साचत जातात आणि बरेच महिने, कधी वर्षं असं चाललं की सिरॉसिस, म्हणजे अख्खं लिव्हरच कडक, तोही दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाला.

आमच्या आत्याला गुहागरला हेच झालं. डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी, शौच शाडूसारखं फिकट (शौचाला रंग येतो तोच पित्तामुळे), आणि खाज इतकी की रात्रभर सुंभाने तळपाय घासत बसायची. गळ्यात काविळीची माळ घातली होती, ती रोज लांब व्हायची म्हणून सगळे निर्धास्त. अहो, माळेतल्या काड्या सुकल्या की दोरा सैल पडतो, कोणाच्याही गळ्यात लांबेल ती! दूषित पाण्याची कावीळ बहुतेक वेळा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जातं, खडा मात्र माळेने हलत नाही. दोन महिने गेले. मग एका रात्री हुडहुडी भरून ताप आला, म्हणजे तुंबलेल्या पित्तात जंतू झाले, अशा वेळी सकाळची वाट बघायची नसते.

तान्ह्या बाळांचं तर अजून घाईचं. 14 दिवसांनंतरही बाळ पिवळं आणि शी पांढरट असेल तर उन्हात ठेवून वाट बघू नका, काही बाळांच्या पित्तनळ्याच बंद असतात, त्यावरचं कासाई नावाचं ऑपरेशन साधारण 60 दिवसांच्या आत झालं तर जास्त चांगलं.

आत्याचा खडा तोंडातून दुर्बीण घालून काढला. चार दिवसांनी तिचा फोन, "रंग आला गो!" खाजही गेली. लिव्हरमधला कडकपणा मात्र पूर्ण गेलेला नाही, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफीला चिपळूणला जावं लागतं.