लॅप टायमिंग ॲपला जीपीएस रिसीव्हर आणि ओबीडी रीडर जोडताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रेसक्रोनो किंवा हॅरीज लॅपटायमरसारखे ॲप नुसत्या फोनवरही चालते आणि लॅपची, म्हणजे ट्रॅकच्या एका पूर्ण फेरीची, वेळ दाखवते. मग बाहेरचा जीपीएस रिसीव्हर कशासाठी घ्यायचा, हे आधी नीट समजून घ्या.

एक अरुंद हेअरपिन, म्हणजे गाडी उलट दिशेला फिरवणारे वळण, घ्या. त्रिज्या १५ मीटर, गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर. हे अर्धवर्तुळ साधारण ४७ मीटरचे, म्हणजे सव्वाचार सेकंदांत संपते. बहुतेक फोन सेकंदाला एकदाच आपली जागा नोंदवतात, त्यामुळे या अख्ख्या वळणाचे चार ठिपके हाती येतात आणि ॲप ते सरळ रेषांनी जोडते. आपण ब्रेक कुठे सोडला, गाडी कुठे सर्वांत हळू होती, हे चार ठिपक्यांतून कळत नाही. १० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा नोंदी करणारा, रिसीव्हर त्याच वळणात बेचाळीस ठिपके देतो आणि २५ हर्ट्झचा शंभराहून अधिक.

लॅपच्या वेळेपुरते बोलायचे तर फोन अगदीच टाकाऊ नाही. सरळ पट्ट्यावर वेग स्थिर असेल तर दोन ठिपक्यांमधला हिशोब ॲप बरा करते. खरा फरक पडतो तो दोन लॅपचे आलेख एकमेकांवर ठेवून बघताना. एकपासून दहा हर्ट्झवर जाण्यात फायदा मोठा, दहापासून पंचवीसवर जाण्यात त्या मानाने थोडा. पहिलीच खरेदी असेल आणि बजेट तोकडे असेल, तर १० हर्ट्झ घ्या आणि उरलेले पैसे टायरवर खर्च करा.

एका वेळी एकच वस्तू

रिसीव्हर, ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारे छोटे उपकरण) आणि कॅमेरा ट्रॅकवर पोचल्यावर एकदम जोडायला घेऊ नका. घरी, निवांतपणे, आधी फक्त जीपीएस जोडा. तो दोन दिवस रोजच्या प्रवासात व्यवस्थित चालला की ओबीडी, आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा. ‘खराब’ म्हणून परत येणाऱ्या वस्तूंपैकी बहुतेक खराब नसतात. तीन गोष्टी एकाच वेळी जोडल्यामुळे नेमकी अडचण कुठे आहे, हे सापडलेले नसते.

ॲपच्या मोफत आवृत्तीत सगळी बाहेरची उपकरणे चालतातच असे नाही. वस्तू घेण्याआधी आपली आवृत्ती पाहून घ्या.

ब्लूटूथ दोन प्रकारचे असते

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे क्लासिक ब्लूटूथच्या वस्तू आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पेअर कराव्या लागतात. पिन विचारला तर १२३४ किंवा ०००० टाकून पाहा. त्यानंतरच त्या ॲपच्या यादीत दिसतात. अँड्रॉइडवर या चालतात. आयफोनवर मात्र ॲपलची मान्यता असलेली क्लासिक वस्तूच चालते. स्वस्त ओबीडी रीडर आयफोनच्या ॲपला दिसत नाही तो यामुळे. रीडर बिघडलेला नसतो.

नव्या, कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथ एलई पद्धतीत नेमके उलटे करायचे. रेसबॉक्स मिनीसारखा २५ हर्ट्झचा रिसीव्हर या गटातला. तो फोनच्या सेटिंगमधून पेअर करू नका, थेट ॲपमध्ये ‘उपकरण जोडा’ या ठिकाणी जाऊन निवडा. चुकून फोनमधून पेअर केला असेल तर तिथे ‘विसरा’ दाबा, रिसीव्हर बंद करून पुन्हा चालू करा आणि मग ॲप उघडा. अशी वस्तू सहसा एका वेळी एकाच ॲपशी बोलते. कंपनीचे स्वतःचे ॲप मागे उघडे राहिले असेल तर टायमिंग ॲपला ती सापडतच नाही. शेजारच्या पिटमधल्या (ट्रॅकलगतच्या गाडी उभी करायच्या जागेतल्या) मित्राने काल स्वतःच्या फोनवर जोडून पाहिली असेल, तर आधी त्याच्या फोनचे ब्लूटूथ बंद करायला सांगा.

परवानग्या : अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीच्या फोनवर लोकेशन बंद असेल तर ब्लूटूथ एलई वस्तू शोधताच येत नाही. अँड्रॉइड १२ पासून ‘जवळची उपकरणे’ अशी वेगळी परवानगी आली आहे, ती द्या. ॲपचे बॅटरी सेव्हिंगही काढून टाका, नाहीतर स्क्रीन मालवल्यावर काही फोन ॲपच झोपवतात आणि सत्र चौथ्या लॅपला तुटते. आयफोनवर ‘अचूक लोकेशन’ चालू आहे ना, ते पाहा.

रिसीव्हर कुठे ठेवायचा

त्याला आकाश दिसले पाहिजे. सर्वांत चांगली जागा टपावर, मधोमध. लोखंडी टप असेल तर चुंबक धरतो, तरीही वर चांगल्या कापडी चिकटपट्टीचा एक पट्टा मारा. टपावर ठेवायचा रिसीव्हर पाण्यापासून सुरक्षित प्रकारचा हवा. आत ठेवायचा असेल तर डॅशबोर्डवर, काचेच्या अगदी जवळ, सपाट बाजू वर करून. ग्लव्ह बॉक्समध्ये किंवा सीटखाली नको.

काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता परतवणारा धातूचा बारीक थर असतो. त्यातून उपग्रहाचा क्षीण सिग्नल नीट येत नाही. आरशामागे ठिपक्यांची जी जागा मोकळी सोडलेली असते, तिथे हा थर नसतो. फास्टॅगही तिथेच नीट वाचला जातो. रिसीव्हर त्या जागेशी आणा किंवा टपावर न्या.

दुसरा शत्रू म्हणजे स्वस्त डॅशकॅम आणि सिगारेट लायटरमधले स्वस्त चार्जर. त्यांच्यातून रेडिओ गोंगाट निघतो आणि १५७५.४२ मेगाहर्ट्झवरचा जीपीएस सिग्नल त्यात बुडतो. उपग्रहांची संख्या अचानक पडली तर आधी डॅशकॅमची पिन काढा आणि संख्या पुन्हा वर चढते का ते बघा. चढली तर रिसीव्हर आणि डॅशकॅम काचेच्या दोन टोकांना लावा.

नवा रिसीव्हर पहिल्यांदा चालू कराल तेव्हा तो मोकळ्या आकाशाखाली पंधरा मिनिटे नुसता ठेवून द्या. जीपीएस उपग्रहांचे पूर्ण वेळापत्रक प्रक्षेपित व्हायला साडेबारा मिनिटे लागतात. नंतर रोजच्या वापरात अर्ध्या-एक मिनिटात जागा सापडते. दहा-बारा उपग्रह दिसेपर्यंत पिटमधून निघू नका.

ज्यांना सुटे मॉड्यूल आणून स्वतः जोडणी करायची आहे, त्यांच्यासाठी : यू-ब्लॉक्स कंपनीची अनेक जीपीएस मॉड्यूल ९६०० बॉडवर येतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे. १० हर्ट्झवर दर नोंदीला माहितीच्या नुसत्या दोन ओळी पाठवायच्या तरी साधारण १,५०० अक्षरे होतात. नळी अरुंद आणि पाणी जास्त, त्यामुळे ओळी अर्धवट तुटून येतात. आधी वेग ११५२०० बॉड करा, नको असलेल्या ओळी बंद करा आणि मगच १० हर्ट्झ लावा.

सुरुवातीची रेषा

गाडी ही रेषा ओलांडते तेव्हा ॲप एक लॅप संपवून पुढचा सुरू करते. आपला ट्रॅक ॲपच्या यादीत असला तरी नकाशा मोठा करून रेषा खरोखर ट्रॅकवर आडवी पडली आहे ना, ते डोळ्यांनी तपासा. स्वतः रेषा आखत असाल तर ती सरळ पट्ट्यावर, ब्रेकच्या जागेपासून दूर घ्या, कारण वेग झपाट्याने बदलत असताना दोन ठिपक्यांमधला हिशोब चुकतो. रुंदी ट्रॅकपेक्षा दोन्ही बाजूंना पाच-सात मीटर जास्त ठेवा. फार रुंद केली आणि ती शेजारच्या पट्ट्याला भिडली, तर ॲप अर्ध्यातच लॅप संपवते. फार अरुंद केली तर एखादा लॅप मोजलाच जात नाही.

ओबीडी रीडर

भारतात चारचाकींना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्यानंतरच्या गाडीत सोळा पिनांचे सॉकेट स्टिअरिंगखाली, बहुधा गुडघ्याच्या वरच्या अंगाला सापडते. त्याआधीच्या गाडीत सॉकेट असले तरी आतली भाषा वेगळी असू शकते. अशी गाडी असेल तर घेण्याआधी आम्हाला विचारा.

रीडर लावताना इग्निशन बंद ठेवा. लावला की चावी ऑनवर आणा, इंजिन सुरू करा, मग ॲपमधून रीडर निवडा. इंजिनाचे आरपीएम, थ्रॉटल, वेग आणि कूलंटचे तापमान एवढे चार आकडेच आधी घ्या. रीडर एकेक आकडा गाडीला विचारून आणतो. यादी जितकी लांब, तितका प्रत्येक आकडा उशिरा येतो. कॅन या नव्या संदेश-पद्धतीच्या गाडीत (पिन ६ आणि १४) हे जलद होते. जुन्या के-लाइनवर (पिन ७) सेकंदाला मोजकेच आकडे मिळतात, तिथे आरपीएम आणि थ्रॉटलवरच समाधान माना.

ब्रेकचा दाब आणि स्टिअरिंगचा कोन ओबीडीच्या ठरावीक यादीत नसतात. कोणताही रीडर घेतला तरी ते आपोआप मिळणार नाहीत. त्यासाठी गाडीच्या कॅन लाइनवरचे संदेश थेट वाचावे लागतात आणि ते प्रत्येक मॉडेलला वेगळे असतात.

स्वस्त नकली ईएलएम३२७ (रीडरमधल्या चिपचे नाव) रीडरवर आवृत्ती काहीही छापलेली असते आणि निम्म्या आज्ञा त्याला कळत नाहीत. लक्षण ठरलेले : जोडणी होते, दोन मिनिटे आकडे येतात, मग गोठतात. ओबीडीलिंकसारखा चांगला रीडर महाग वाटतो, पण आम्ही तोच सुचवतो.

बसवताना गुडघ्याची आणि पेडलची काळजी घ्या. बाहेर आलेला रीडर क्लच दाबताना गुडघ्याला लागतो, निसटला तर थेट पेडलखाली जातो. काटकोनात वळलेली, चपटी, एक फुटी एक्स्टेंशन केबल वापरा आणि रीडर पॅनेलच्या आत दोन झिप टायने बांधा. एक हात लावून जोरात ओढून बघा. हलला तर पुन्हा बांधा.

दिवस संपला की रीडर काढून ठेवा. पिन १६ ला बॅटरीची वीज कायम असते. रीडर ५० मिलिअँपिअर ओढत असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात आणि गाडी दोन आठवडे उभी राहिली तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी जवळजवळ निम्मी रिकामी होते.

ओबीडीचे आकडे जीपीएसपेक्षा किंचित मागे असतात. ते जुळवायला एका सरळ पट्ट्यावरच्या जोरदार ब्रेकिंगचा आलेख उघडा, जीपीएसचा वेग आणि ओबीडीचा वेग एकमेकांवर ठेवा. ओबीडीची रेषा जितकी उशिरा उतरते, तितका फरक ॲपच्या ऑफसेटमध्ये भरा. हे एकदाच करायचे असते.

कॅमेरा आणि फोन

फोन एका वेळी एकाच वायफायला जोडला जातो. वायफायवाला ओबीडी रीडर (पत्ता बहुधा १९२.१६८.०.१०, पोर्ट ३५०००) आणि वायफायवाला कॅमेरा एकत्र चालणार नाहीत. कॅमेरा हवा असेल तर रीडर ब्लूटूथचाच घ्या. अँड्रॉइड ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहू का’ असे विचारेल, तेव्हा हो म्हणा. गाडीच्या स्क्रीनशी होणारी वायरलेस जोडणी बंद ठेवा.

ॲपलच्या सांगण्याप्रमाणे आयफोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरायचा असतो. बंद गाडीत, काचेमागच्या उन्हात हा आकडा दुपारी सहज ओलांडला जातो. फोन एसीच्या झरोक्यासमोर लावा, स्क्रीनचा उजेड कमी करा आणि सत्राआधी चार्ज करून घ्या, म्हणजे चालताना चार्जिंगची उष्णता वाढत नाही. सक्शन कपवर एकट्या विसंबू नका, दोरीची दुसरी पकड द्या. आयोजकांच्या तपासणीत सुटी वस्तू आढळली तर ती काढून ठेवावी लागते.

ही सगळी सामग्री बंद ट्रॅकसाठी आहे. घाटात किंवा एक्स्प्रेसवेवर लॅपची वेळ मोजू नका. जोडणी तपासण्यासाठी रोजच्या वेगाने केलेला रोजचा प्रवास पुरेसा आहे.

तरीही अडले तर

आम्हाला फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची किंवा आयओएसची आवृत्ती, गाडीचे वर्ष आणि इंधन, रिसीव्हर व रीडर कुठे बसवले त्याचा एक फोटो आणि ॲपमधून निर्यात केलेली एका सत्राची मूळ फाइल पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये फक्त परिणाम दिसतो. फाइलमध्ये प्रत्येक क्षणाला किती उपग्रह होते आणि आकडे कुठे थांबले, हे दिसते.