पाणी कमी दिल्याने डायपर कमी लागत नाहीत

‘वृद्धांना पाणी कमी द्यावे, म्हणजे कपडे ओले होत नाहीत’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि वरवर पाहता तो पटण्यासारखाही आहे.

प्रत्यक्षात पाणी कमी पडले की लघवी दाट होते, दाट लघवीने मूत्राशयाचा दाह होऊन घाई वाढू शकते, शिवाय बद्धकोष्ठता झाल्यास भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर येऊन गळती वाढते. मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यताही वाढते, आणि वृद्धांमध्ये तो कधी केवळ अचानक आलेल्या गोंधळलेपणातून दिसतो. म्हणून मला हा सल्ला विशेष घातक वाटतो.

पडताळणी घरीच करता येते. लघवीचा रंग फिकट पिवळा असावा. गडद रंग बहुधा पाणी अपुरे असल्याचे सांगतो, मात्र काही औषधांनीही रंग बदलतो. तीन दिवस पाणी, चहा आणि ओलेपणाच्या वेळा लिहून ठेवल्या, तर शौचालयात कधी न्यावे आणि पँटसारखा डायपर कधी बदलावा, हे स्पष्ट होते. झोपण्यापूर्वीचे दोन तास पेये कमी करून ती दिवसा द्यावीत. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.