शिडाच्या बोटीचं केबिनचं झाकण गळतंय? नवीन करायच्या आधी हे वाचा

नमस्कार. बोट रत्नागिरीला नाहीतर मालवणला लावून तिचं झाकण तेवढं गाडीच्या टपावर बांधून आंबा घाटानं किंवा गगनबावड्यानं वर आमच्याकडं आणणाऱ्या मंडळींसाठी हे लिहिलंय. कोल्हापुरात समुद्र नाही, पण सागवानात मुरलेले सुतार आहेत आणि उद्यमनगरात ओतकाम आहे, आणि जुन्या बोटीच्या हॅचला, म्हणजे या झाकण-दाराला, नेमकं हेच दोन लागतं.

कॉकपिटमधनं, म्हणजे सुकाणू धरून बसायच्या उघड्या जागेतनं, केबिनमध्ये उतरायची वाट म्हणजे कंपॅनियनवे. तिच्यावर एक सरकतं झाकण, ते ज्यावर सरकतं त्या दोन बाजूंच्या पट्ट्या म्हणजे रेल, पुढून खाचेत वरनं सोडायच्या दोन-तीन फळ्या म्हणजे वॉशबोर्ड, आणि तळाला उंबरा. २२-२४ फुटी बोटीत हे सगळं मिळून घरातल्या खिडकीएवढं असतं, पण सगळ्यात जास्त ऊन, पाणी आणि पायाचा भार इथंच पडतो.

जवळजवळ प्रत्येक जण येऊन सांगतो की झाकण गळतंय, नवीन करून द्या. झाकण क्वचितच गळतं. पाणी येतं ते रेलच्या स्क्रूच्या भोकातनं. फायबरच्या जुन्या बोटीत डेकच्या, म्हणजे वरच्या तक्तपोशीच्या, दोन थरांच्या मध्ये बाल्सा या हलक्या लाकडाचा नाहीतर प्लायवूडचा गाभा असतो, रेल बसवताना त्यातनं सरळ भोक पाडून स्क्रू पिळलेला असतो, २०-३० वर्षांनी तिथलं सीलंट, म्हणजे फट बुजवायचा चिकट मसाला, वाळून सुटतं आणि पाणी गुपचूप गाभ्यात मुरत जातं. वरनं काहीच दिसत नाही. आत थेंब पडतो तो भलतीकडंच, म्हणून माणूस झाकणाला दोष देतो. सुरुवातीच्या दिवसात ही चूक आमच्याकडनंही झालीय, सुंदर नवीन सागवानी झाकण करून दिलं आणि पहिल्याच पावसात बोटीत पाणी, कारण रेल आम्ही उघडून बघितलीच नव्हती. तेव्हापासून रेल उघडल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही, त्याचा राग मानू नका.

घरच्या घरी तपासायचं असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं रेलच्या आजूबाजूला डेक ठोकत जा. टणटण वाजलं तर ठीक, भदभद आवाज आला तर गाभा ओला आहे किंवा कुजलाय. दुसरं म्हणजे पाण्याचा पाईप घ्या, पण वरनं धो धो सोडू नका, आधी उंबऱ्यावर दहा मिनिटं, मग खाचा, मग रेल, शेवटी झाकण, आणि एक जण आत बॅटरी घेऊन बसलेला पाहिजे. खालनं वर गेलात तरच कळतं कुठनं येतंय. आणि हो, रेलच्या मागच्या टोकाला पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात, ती धूळ आणि जुन्या रंगानं बुजलेली असतील तर आधी तारेनं मोकळी करा, काही बोटींचा आजार तेवढ्यावरच बरा होतो.

गाभा थोडाच ओला असेल तर भोक मोठं करायचं, ६ मिमीचा स्क्रू असेल तर १०-१२ मिमी, आतला कुजका भाग वाकवलेल्या खिळ्यानं खरवडून काढायचा, पूर्ण वाळू द्यायचं आणि घट्ट केलेलं इपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारी राळ) भरून दुसऱ्या दिवशी त्यातच नवीन भोक पाडायचं. मग पुढं सीलंट सुटलं तरी पाणी इपॉक्सीपाशीच थांबतं, लाकडापर्यंत जात नाही. जास्त कुजलं असेल तर आतल्या बाजूनं कापून गाभा बदलावा लागतो, ते काम बोटीवर येऊनच होतं.

एक कळकळीची विनंती, सिलिकॉन लावू नका. ते एकदा लागलं की तिथं पुढं ना रंग धरत ना इपॉक्सी, आमचा अर्धा वेळ ते खरवडण्यात जातो. रेलखाली ब्यूटिल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, चांगली, परत उघडताही येते. झाकणाला ॲक्रिलिकची काच असेल तर तिला पॉलिसल्फाइडचं सीलंट चालत नाही आणि थिनरनं तर पुसूच नका, बारीक बारीक तडे जातात ते मग निघत नाहीत.

लाकडाबद्दल. मूळ सागवान असेल तर ते टाकायची घाई करू नका, वरचं करडं झालेलं एक-दोन मिमी गेलं की खाली लाकूड ठणठणीत निघतं. तुकडा जोडायचा असेल तर आम्ही शक्यतो पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान वापरतो, ते इतकं मुरलेलं असतं की परत वाकत नाही, फक्त त्यातले खिळे शोधूनच रंध्याखाली घालावं लागतं. सागवानात तेल असतं म्हणून चिकटवायच्या आधी ॲसिटोननं पुसतो. वॉशबोर्ड प्लायचे करायचे असतील तर आयएस ७१० मरीन प्लाय, आणि चारी कडा इपॉक्सीनं बंद, प्लाय कुजायला कडेनंच सुरुवात होते. दोन फळ्यांचा सांधा बाहेरच्या बाजूला उतरता पाहिजे, सपाट ठेवला तर लाट सरळ आत. खाचेत २ मिमी तरी मोकळीक ठेवतो, फुगल्यावर फळी अडकली तर आतला माणूस अडकतो.

या फळ्यांवर जरा थांबून बोलतो. बऱ्याच बोटींत ही वाट वर रुंद आणि खाली अरुंद असते, त्यामुळं फळी थोडी उचलली की सुटते, वापरायला सोयीचं आहे पण बोट कलंडली तर फळ्या आपोआप निसटतात. १९७९ च्या फास्टनेट या इंग्लंडमधल्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळात १५ खलाशी गेले, आणि नंतरच्या चौकशीत या फळ्या निसटून बोटीत पाणी शिरल्याचा मुद्दा स्पष्ट आला. म्हणून आम्ही प्रत्येक फळीला दोरी आणि आतनं-बाहेरनं दोन्हीकडनं उघडेल अशी कडी लावतोच, तुम्ही नको म्हणालात तरी एकदा समजावून सांगणार.

कडी-कोयंडा मिळत नसेल तर जुना नमुना द्या, त्यावरनं उद्यमनगरात गनमेटलमध्ये (तांबं-कथलाच्या मिश्रधातूत) ओतून घेतो. पितळ स्वस्त पडतं पण खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबीसर होऊन ठिसूळ होतो. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे.

वेळेचं सांगतो. नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात पाहिजे असं सगळ्यांना वाटतं, पण भर पावसात व्हार्निश मारलं तर दमटपणानं पांढुरकं पडतं. त्यामुळं झाकण एप्रिल-मेमध्येच काढून आणा, बोटीवर उघड्या राहिलेल्या कंपॅनियनवेवर प्लायचा तुकडा आणि ताडपत्री घट्ट बांधा. सुतारकाम आणि इपॉक्सी आम्ही पावसात बंद खोलीत बल्ब लावून करतो, व्हार्निशचे सहा हात दसऱ्यानंतर. घाईच असेल तर दोन हात मारून देतो, बाकीचे दिवाळीनंतर, पण मधल्या काळात झाकणावर कापडी कव्हर लागेल, कारण दोनच हातांखालच्या इपॉक्सीला ऊन सोसत नाही. पुढं दरवर्षी २२० च्या पेपरनं हलकं घासून एक हात मारत राहिलात तर परत खरवडायची वेळ बरीच वर्षं येत नाही.

आणताना जुन्या फळ्या कितीही कुजलेल्या असल्या तरी आणा, वाट कधीच काटकोनात नसते आणि माप त्यावरनंच मिळतं. कुठली फळी वर कुठली खाली ते पेन्सिलनं लिहा, काढायच्या आधी चार फोटो काढा, स्क्रू एका पिशवीत. आणि आणायच्या आधी चांगलं दिसावं म्हणून तेल लावू नका, ते काढण्यात आमचे दोन दिवस जातात आणि बिल तुमचं वाढतं.