बेळगावच्या हवेतले दोन अंश

यंत्रभाग धुण्याच्या सॉल्व्हंटचा एक बॅरल आमच्या प्रयोगशाळेत तपासायला आला होता. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत क्रँकशाफ्ट, हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह असे भाग मशीनवरून उतरले की त्यांच्यावरचं तेल आणि चुरा असल्या द्रावकानं धुऊन काढतात. पुरवठादाराच्या कागदावर फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला द्रवाची वाफ ज्योतीनं पेटू लागते तो आकडा, 66 अंश सेल्सिअस होता. आमच्या यंत्रावर आला 63.5. नवीन लागलेल्या मुलानं दुसरा नमुना घेतला, तरीही तेवढाच.

अडीच अंशांनी काय बिघडतं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण आपल्या 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानं याच आकड्यावर वर्गवारी केली आहे. फ्लॅश पॉइंट 23 अंशांखाली असेल तर क्लास ए, 23 ते 65 च्या आत असेल तर बी, आणि 65 ते 93 च्या आत असेल तर सी. बी वर्गाचा माल परवान्याशिवाय एका जागी फार तर 2,500 लिटर ठेवता येतो, तोही हजार लिटरपेक्षा मोठ्या भांड्यात नाही. सी वर्गासाठी ही मर्यादा 45,000 लिटर आहे. म्हणजे आमचा आकडा खरा धरला तर माल एका वर्गात आणि पुरवठादाराचा धरला तर दुसऱ्याच वर्गात.

फ्लॅश पॉइंट म्हणजे काय, हे समजायला एक गोष्ट आधी मनात पक्की करावी लागते. द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. प्रत्येक द्रवाच्या पृष्ठभागावरून थोडी वाफ सतत सुटत असते आणि तापमान वाढलं की ती वाढते. हवेत या वाफेचं प्रमाण एका मर्यादेच्या खाली असेल तर ठिणगी पडूनही काही होत नाही. पेट्रोलसाठी ही मर्यादा सुमारे दीड टक्का आहे, इथेनॉलसाठी सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. द्रव तापवत नेताना ज्या सर्वांत कमी तापमानाला वाफ या मर्यादेला पोचते आणि ज्योत दाखवताच क्षणभर भपकन पेटून विझते, तो फ्लॅश पॉइंट. आणखी थोडं तापवलं की ज्वाला विझायचं नाव घेत नाही, पाच सेकंद तरी टिकते. तो फायर पॉइंट.

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे 43 अंशांच्या आसपास आहे. म्हणून ते कुठल्याही ऋतूत, कुठल्याही गावात, ठिणगीची वाटच पाहत असतं. शुद्ध इथेनॉलचा 13 अंश. आमच्या उसाच्या पट्ट्यात इथेनॉलचे टँकर रोज रस्त्यावर दिसतात, आणि थंडीतल्या एखाद्या पहाटे बेळगावचा पारा 13 ला टेकतो, तेवढाच काय तो वेळ त्याची वाफ थोडी निमूट असते. डिझेलसाठी भारतीय मानकानं किमान 35 अंशांची अट घातली आहे. अथणी-रायबागकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा 40 च्या घरात जातो. 35 ला जेमतेम उतरलेलं डिझेल तिथं उन्हातल्या पिंपात कसं वागेल, हे शेतावर डिझेल साठवणाऱ्यानं डोक्यात ठेवावं. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं, पण ते घरातल्या तापमानाला खरं आहे.

इथं थोडं विषयांतर करतो, कारण याच गोष्टीनं माणसं मेली आहेत. रिकामा बॅरल गॅस कटरनं उभा कापून त्याची टाकी करणं आपल्याकडे सर्रास चालतं. "सर, बॅरल रिकामाच हाय की," असं मला कापणाऱ्यानं स्वतः सांगितलं आहे. भरलेल्या बॅरलपेक्षा तो रिकामा बॅरल जास्त घातक असतो. तळाशी वाटीभर डिझेल किंवा तेल चिकटून उरलेलं असतं आणि वर बॅरलभर हवा. कटरच्या ज्योतीनं पत्रा तापतो, चिकटलेलं तेल फ्लॅश पॉइंटच्या कितीतरी वर जातं, बंद जागेत वाफ आणि हवा मिसळते, आणि पेटवायला ज्योत तिथंच हजर असते. वास येत नाही म्हणून वाफ नाही असं धरू नये. नीट धुऊन, वाफेनं साफ करून आतली हवा यंत्रानं तपासल्याशिवाय बॅरलला कटर लावू नये. कुणी घाई करत असेल तर त्याला थांबवावं.

आता यंत्राकडे वळतो. आम्ही वापरतो ते पेन्स्की-मार्टेन्स, म्हणजे झाकणाच्या कपाचं. पितळी कपात खुणेपर्यंत, साधारण पाऊण वाटी, नमुना घालायचा आणि झाकण बसवायचं. झाकणात थर्मामीटर, ढवळणी आणि सरकती खिडकी असते. खिडकीशी वाटाण्यापेक्षा लहान, सुमारे 4 मिलिमीटरची ज्योत जळत असते. कप मिनिटाला 5 ते 6 अंश या गतीनं तापवायचा. घाई केली की वाफ आणि द्रव यांचा मेळ बसत नाही आणि आकडा चुकतो. अपेक्षित फ्लॅश पॉइंटच्या वीसेक अंश आधीपासून दर अंशाला ढवळणं थांबवायचं, खिडकी उघडून ज्योत आत बुडवायची, एक सेकंद ठेवायची आणि उचलायची. काही झालं नाही तर पुन्हा ढवळायचं.

या कामात सगळ्यात कठीण म्हणजे पाहणं. खरा फ्लॅश येण्याआधी काही अंश ज्योतीभोवती निळसर वलय दिसू लागतं. नवा माणूस हमखास त्यालाच फ्लॅश समजतो. खरा फ्लॅश आला की ज्वाला द्रवाच्या सगळ्या पृष्ठभागावर क्षणात पसरते. म्हणून आम्ही खोलीत उजेड मंद ठेवतो. जुलैत खिडक्याही घट्ट लावतो, कारण बेळगावचा पावसाळी वारा फटीतून आला तरी ज्योत हलते. पावसाळ्यात नमुन्यात पाणी उतरलेलं असेल तर तेही आधी काढावं लागतं, नाहीतर पाण्याचीच वाफ कपात भरून फ्लॅश दाबते.

कपाला झाकण का, याचं उत्तर इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात घरोघरी केरोसीनचे दिवे आले आणि हलक्या, भेसळीच्या तेलाचे दिवे फुटून माणसं भाजू लागली. ब्रिटनमध्ये आधी उघड्या कपात चाचणी होई आणि हद्द होती 100 अंश फॅरनहाइट. उघड्या कपातून वाफ निसटते, वाऱ्यानं उडते, त्यामुळे आकडा वर जातो आणि तपासणाऱ्यागणिक बदलतो. फ्रेडरिक एबल या रसायनशास्त्रज्ञानं झाकणाचा कप तयार केला आणि 1879 च्या कायद्यानं तो स्वीकारला. हद्द ठरली 73 फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 23 सेल्सिअस. तेल तेच होतं. मोजायचं भांडं बदललं म्हणून आकडा 27 अंश फॅरनहाइटनं खाली आला. कुठल्या भांड्यात मोजला हे लिहिलेलं नसेल तर फ्लॅश पॉइंटच्या आकड्याला काही अर्थ नाही, असं मी ठामपणे म्हणेन. वंगणाच्या तेलांसाठी आजही क्लीव्हलँडचा उघडा कप वापरतात, पण तेव्हा तसं लिहितात.

आमच्या 63.5 चं कोडं मात्र भांड्यात नव्हतं, हवेत होतं. वाफेचं प्रमाण ठरतं ते वाफेचा दाब आणि भोवतालच्या हवेचा दाब यांच्या गुणोत्तरावर. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. इथं हवेचा दाब समुद्रकाठच्या वेंगुर्ल्याला असतो त्याच्या नव्वद टक्क्यांच्या थोडा वर. याच कारणानं बेळगावात पाणी 100 ऐवजी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. हवा विरळ असली की तेवढीच वाफ जास्त टक्के भरते, आणि फ्लॅश आधी येतो. म्हणून मानक सांगतं की 1013 मिलिबारपेक्षा, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या सर्वसाधारण दाबापेक्षा, दाब जितका कमी, त्या प्रत्येक मिलिबारमागे आकड्यात 0.025 अंश मिळवायचे.

मुलानं दुरुस्ती केली होती, पण दाब घेतला होता मोबाईलवरून. मोबाईलवर 1010 दिसत होते. हवामानाचे हे आकडे समुद्रसपाटीला आणून सांगितलेले असतात, नाहीतर घाटावरचं आणि कोकणातलं हवामान एका नकाशावर ताडून पाहताच येणार नाही. त्यामुळे त्याची दुरुस्ती जवळपास शून्य निघाली. मी त्याला भिंतीवरचा बॅरोमीटर वाचायला लावलं. 925. फरक 88 मिलिबार, म्हणजे 2.2 अंश. 63.5 मध्ये 2.2 मिळवले की 65.7, आणि अर्ध्या अंशापर्यंत लिहायचं म्हणून 65.5. माल सी वर्गात गेला आणि पुरवठादाराचा कागदही खरा ठरला.

मुलाला वाटलं, सुटलं. पण याच चाचणीच्या मानकात आणखी एक आकडा आहे. दोन चांगल्या प्रयोगशाळांनी एकच नमुना तपासला तरी त्यांच्या उत्तरांत फ्लॅश पॉइंटच्या सात टक्क्यांपर्यंत फरक पडणं मान्य आहे. 65 च्या आसपास हा फरक साडेचार अंशांचा होतो. म्हणजे उद्या दुसऱ्या प्रयोगशाळेत 62 आला तर ती प्रयोगशाळाही चुकली असं म्हणता येणार नाही. अहवालात आम्ही 65.5 लिहिलं, शेजारी दाब आणि यंत्राचं नाव लिहिलं. कारखान्याच्या माणसाला मात्र फोन करून सांगितलं, "कागदावर सी आहे, पण गोदामात बी समजूनच ठेवा. आणि वेल्डिंगच्या शेडला लागून तर ठेवूच नका." त्यानं त्याच संध्याकाळी बॅरल मागच्या भिंतीकडे हलवले.