जर्मनीतलं शेती अनुदान: सातबारा कुणाचा, हे विचारत नाहीत

आपल्याकडे पीएम किसानचे ६,००० रुपये जमीन ज्याच्या नावावर, त्याच्या खात्यात. खंडाने कसणारा बघत बसतो. जर्मनीत सुमारे ६० टक्के शेतजमीन खंडाचीच आहे आणि युरोपीय संघाचं अनुदान कसणाऱ्याला मिळतं. १५ मे रोजी जमीन तुमच्या ताब्यात हवी, मग ती मालकीची असो की खंडाची. पूर्वी यासाठी वेगळे ‘हक्क’ लागायचे, त्यांची खरेदी-विक्रीही चाले. २०२३ पासून ती भानगड संपली.

क्षेत्र साधारण किमान १ हेक्टर लागतं. शिवाय तुम्ही ‘सक्रिय शेतकरी’ हवेत. त्याचा सोपा पुरावा म्हणजे शेती अपघात विम्याचं सदस्यत्व. आदल्या वर्षी ५,००० युरोपर्यंतच अनुदान घेतलं असेल, तर तुम्हाला सक्रियच धरतात.

अर्ज ऑनलाइन, पण पोर्टल राज्यागणिक वेगळं; बव्हेरियात ‘इबालिस’. नोंदणी क्रमांक आणि पिन हाताशी ठेवा. खंडाचा करारही जपून ठेवा, कारण एकाच तुकड्यावर दोघांनी दावा केला तर तोच कामी येतो.

खरी मेहनत नकाशावर. प्रत्येक तुकड्याची हद्द आखायची, गोठा-रस्ता वगळायचा आणि पिकाचा कोड टाकायचा: ११५ म्हणजे हिवाळी गहू, ४११ म्हणजे मुरघासाचा मका. इथे घाई नको. सेंटिनेल उपग्रह हंगामभर वरून बघत असतो. पीक जुळलं नाही तर शेतात उभं राहून मोबाइलने फोटो पाठवायला सांगतात. ई-पीक पाहणी केलेल्यांना हे नवीन वाटणार नाही.

मुदत १५ मे. त्यानंतर ३१ मेपर्यंत अर्ज घेतात, पण कामकाजाच्या दर दिवसामागे १ टक्का कापून.

आता पैसे. ढोबळमानाने हेक्टरी १५० युरो, वर पहिल्या ४० हेक्टरना ७० आणि पुढच्या २० हेक्टरना ४० युरो जादा. म्हणजे १५ हेक्टरवाल्याला ३,३०० आणि ३०० हेक्टरवाल्याला ४८,६००. लहान शेतकऱ्यांसाठी म्हणून आणलेली ही जादा रक्कम मोठ्यांनाही मिळतेच, हे मला पटत नाही. २०२८ पासून २०,००० युरोवरच्या रकमेला टप्प्याटप्प्याने कात्री आणि १ लाखावर कमाल मर्यादा, असा प्रस्ताव युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये मांडला.

चाळिशीच्या आतल्यांना पाच वर्षं वेगळी रक्कम मिळते; त्यासाठी शेतीचं शिक्षण किंवा अनुभव दाखवावा लागतो.

पैसे साधारण डिसेंबरअखेर जमा होतात. १,२५० युरोपेक्षा जास्त घेणाऱ्यांची नावं मात्र रकमेसकट सरकारी संकेतस्थळावर लागतात. शेजारीही बघू शकतो.