सिमेंटची हाताने घडवलेली कुंडी

सिमेंट, वाळू आणि पाण्याचा माल साच्यात भरून किंवा तारेच्या जाळीवर थापून केलेली शोभेची कुंडी. चाक लागत नाही, भट्टी लागत नाही, म्हणून घरच्याघरी कुंड्या करणारे बहुतेक जण हिच्याकडेच वळतात. जुना टॉवेल पातळ घोळात बुडवून उलट्या बादलीवर टाकणं, एकात एक डबे ठेवून मधे माल ओतणं, वरून काचा-शिंपले चिकटवणं हे सगळ्यांना माहीतच असतं, त्याचा विस्तार इथे नको.

उगम : पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ मध्ये घेतलं. कृत्रिम दगडाचे बागेतले कलश त्याच्याही आधीचे, लंडनला एलिनॉर कोड यांचा कारखाना १७६९ पासून ते करायचा, पण तो माल भाजलेल्या मातीचा, त्यामुळे तो या नोंदीत धरलेला नाही. खरा वाद आहे तो लोखंड घातलेल्या कुंडीचा. जोसेफ मोनिए हा फ्रेंच माळी, लाकडी पिंप कुजतात आणि मातीच्या कुंड्या फुटतात म्हणून त्याने सिमेंटच्या आत लोखंडी जाळी घातली आणि बागेसाठीच्या अशा कुंड्यांचं पेटंट १८६७ च्या जुलैमध्ये घेतलं. त्याने १८४९ लाच सुरुवात केली असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं, तरी पेटंटचं साल धरून चालणं जास्त सुरक्षित वाटतं. दुसरीकडे जोसेफ-लुई लाँबो, दक्षिण फ्रान्समधला जमीनदार, १८४० च्या दशकातच जाळी आणि सिमेंटच्या वस्तू करत होता, त्याने केलेली होडी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात होती आणि संत्र्याच्या झाडांच्या पेट्याही त्याने केल्याचे उल्लेख येतात. म्हणजे नुसतं आधी कोण विचारलं तर लाँबोचं पारडं जड दिसतं, पण कुंडीवरून पुढे पाइप, टाक्या आणि १८७५ मध्ये शाझले इथला पूल इथपर्यंत गेला तो मोनिएच, त्यामुळे रिइन्फोर्स्ड, म्हणजे आत लोखंड घातलेल्या, काँक्रीटच्या इतिहासात कुंडी येते ती त्याच्या नावाने. गंमत म्हणजे ज्या तंत्रावर पुढे इमारती उभ्या राहिल्या त्याच्या सुरुवातीच्या पेटंटांपैकी एक असं झाडांच्या कुंड्यांसाठी आहे.

हलका माल : ब्रिटनमध्ये डोंगराळ भागातली छोटी झाडं जुन्या दगडी सिंक आणि डोण्यांमधे लावायची फॅशन होती, ती भांडी दुर्मिळ झाल्यावर सिमेंटमधे पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) मिसळून नकली दगड करू लागले, साधारण १९३० च्या दशकापासून असं मानतात. यालाच हायपरटुफा म्हणतात. हल्ली सिमेंट, परलाइट (फुगवलेल्या ज्वालामुखी काचेचे हलके दाणे) आणि पीट किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समान भाग घेतात, पण प्रमाणं माणसागणिक बदलतात.

चुना : सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, म्हणून साच्यातून काढलेली कुंडी निदान ७ दिवस ओली आणि झाकून ठेवायची, ताकदीची चाचणी तर २८ दिवसांची धरतात. या क्रियेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुना, सुटतं आणि आतल्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप) १२.५ च्या वर जातो, बहुतेक झाडांना मात्र ६ ते ७ लागतो. नव्या कुंडीत लावलेलं झाड पिवळं पडलं की खताला दोष देतात, पण आधी हे तपासावं. उपाय सोपा, कुंडी पाण्यात बुडवून ठेवायची आणि पाणी बदलत राहायचं. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून पृष्ठभागावरचा चुना कार्बोनेट होतो आणि अल्कता कमी होते. बाहेर येणारा पांढरा थर बहुतेक वेळा हाच कार्बोनेट, बुरशी नव्हे. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, ग्लोव्ह्ज घालावेत, परलाइट आणि कोरडं सिमेंट मिसळताना मास्कही.

रंग, सजावट : मालातच ऑक्साइडचा रंग घालतात किंवा वरून अ‍ॅक्रिलिक.

निचरा : तळाला भोक हवंच, ते माल ओला असतानाच ठेवावं. तळाशी खडीचा थर दिला की पाणी लवकर निघतं हा समज जुना आहे, प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खडीच्या सीमेवर अडतं आणि ओली पट्टी मुळांच्या जवळ वर सरकते, त्यापेक्षा भोकावर जाळीचा तुकडा पुरे.